ओठांवर अडलेला वरवंटा

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीच्या आधी माळा आवरायला काढला, तेव्हा जुना पाटा हाती लागला. मुलगा म्हणाला, "आई, यावर वाटायचा तो लांबट दगड कुठाय?" आणि त्या दगडाने वाटलेली चटणी खाऊन वाढलेल्या मला त्याचं नावच आठवेना. "अरे तो... खलबत्ता नव्हे... वरांडा... छे, वरांडा कसला! 'व'पासून सुरू होतो बघ, शेवटी 'टा' आहे." पोरगं हसून बेजार. 'वरवंटा' आठवला तो संध्याकाळी, कुकर लावताना, कुणी विचारलं नसताना.

१९६६ साली रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत ही फजिती विद्यार्थ्यांवर मुद्दाम आणली. क्वचित वापरातल्या शब्दांचे नुसते अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द विचारायचा. जहाजावर कोन मोजायचं उपकरण कोणतं? उत्तर 'सेक्स्टंट'. ज्यांचं ते येता येता राहिलं, त्यांच्या तोंडी 'सेक्स्टेट', 'सीकंट' असलं काहीबाही येई. पण अडलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर मात्र निम्म्याहून अधिक वेळा बरोबर निघे. म्हणजे शब्द हरवलेला नसतो. अर्थ हाताशी असतो, उच्चाराचे तुकडेही असतात. मधला सांधा तेवढा निखळतो.

माझा खलबत्ता अर्थाच्या शेजारातून आला आणि वरांडा उच्चाराच्या. छापील कोशात 'ख' आणि 'व' यांच्यामध्ये शेकडो पानं असतात, मनात मात्र खलबत्ता नि वरवंटा एकाच ओट्यावर. घरात मिक्सर आला, वरवंट्याचं नाव कुणी घेईना, आणि तिकडे जायची वाट बुजली.

ऐकताना हाच कारभार उलटा चालतो. मी 'पा' म्हणताच तुमच्या मनात पाणी, पाटी, पाहुणा, पाऊस असे कितीतरी शब्द उठून उभे राहतात. 'पाऊ' कानी पडलं की बहुतेक खाली बसतात. पाऊस, पाऊल, पाऊण असे थोडेच उरतात. ही कल्पना भाषेचा नि मनाचा अभ्यास करणाऱ्या विल्यम मार्सलेन-विल्सन यांची. त्यातून मी आधी 'छत्री' म्हटलेलं असलं, तर 'स' उच्चारायच्या आतच पाऊस पुढे आलेला असतो. हे सगळं सेकंदाच्या एका लहानशा तुकड्यात. इतकी चपळाई ज्या मनाची, तेच वरवंट्यापाशी दिवसभर अडून बसतं, याची मला गंमत वाटते.

आणखी एक. शब्द अडला की आपण हट्टाने त्याच्यामागे लागतो. कॅनडात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की जितका वेळ असं चाचपडत राहावं, तितकी तोच शब्द पुन्हा अडण्याची शक्यता वाढते. चुकीची वाटच मळत जाते म्हणा ना. तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय: आई अडली की हसत बसायचं नाही, शब्द सांगून मोकळं व्हायचं. मुलगा सांगतो. आधी हसतो, मग सांगतो.