काळी काच आणि चंद्रकोर

(पडद्यावर जवळजवळ पूर्ण काळोख.)

कॅमेरा बिघडलेला नाही. किडनीच्या बायॉप्सीचा हा तुकडा फ्लोरोसन्ट मायक्रोस्कोपखाली आहे. अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, इथे साचल्या असत्या, तर हिरवं चमकलं असतं. प्रतिकारशक्ती किडनीवर उलटते अशा दुसऱ्या आजारांत तसं होतं: आयजीए नेफ्रोपथीत चमकतं, ल्युपसमध्ये तर लखलखतं. इथे काहीच नाही. तरीही या रुग्णाची किडनी काही आठवड्यांत बंद पडायच्या बेतात आहे.

(गुलाबी-जांभळा रंग दिलेला नमुना.)

आता साधा मायक्रोस्कोप. हा गोल म्हणजे ग्लोमेरुलस, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. एका किडनीत असे सुमारे 10 लाख. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला 180 लिटर द्रव गाळतात, तो इथेच. गुंत्याला कडेने दाबत बसलेला हा जाड पट्टा बघा. डॉक्टर त्याला क्रेसेंट म्हणतात, म्हणजे चंद्रकोर. कपाळावरच्या टिकलीचं नाव, आणि बसलंय कुठे!

1982 साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांना अशा 8 रुग्णांच्या रक्तात एक अँटिबॉडी सापडली. तिचा रोख किडनीवर नव्हताच. तो होता न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीवर. आज त्या अँटिबॉडीला अँका म्हणतात, आणि या आजाराला अँका व्हॅस्क्युलायटिस.

न्यूट्रोफिल म्हणजे आपलं पायदळ. हाडांतला मगज रोज अब्जावधी शिपाई तयार करतो, प्रत्येकाच्या पोटात जंतू मारायची रसायनं भरलेली. एखाद्या संसर्गाचं निमित्त होतं, शिपाई चेवतो, आणि एरवी आत असणारी मायलोपेरॉक्सिडेज किंवा प्रोटिनेज-3 ही प्रथिनं त्याच्या अंगावर येतात. अँका नेमकी तिथे चिकटते. मग तो ग्लोमेरुलसच्या भिंतीला बिलगतो आणि सगळा दारूगोळा तिथेच फोडतो. काही शिपाई तर स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून मरतात.

भिंत फाटते. रक्त गोठवणारं फायब्रिन हे प्रथिन गुंत्याबाहेरच्या पोकळीत सांडतं. मागोमाग मॅक्रोफेज आणि टी पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात, पोकळीच्या अस्तरातल्या पेशी भराभर वाढतात. ही गर्दी म्हणजेच ती चंद्रकोर. अँटिबॉडी भिंतीत फारशी साचतच नाही, म्हणून पहिली काच काळी.

पण हे न्यूट्रोफिलचंच काम कशावरून? 2002 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात उंदरांना मायलोपेरॉक्सिडेजविरुद्धची अँटिबॉडी टोचली गेली. चंद्रकोरी उमटल्या. 2005 मध्ये त्याच गटाने आधी उंदरांचे न्यूट्रोफिल काढून टाकले, मग तीच अँटिबॉडी दिली. किडन्या शाबूत राहिल्या.

उपचारही त्या साखळीवरच घाव घालतात. स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड सगळ्याच फौजेला आवर घालतात, त्यामुळे साधा संसर्गही महागात पडू शकतो. रिटुक्सिमॅब हे औषध बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी हटवतं, कारण अँका बनवणाऱ्या पेशी त्यांच्यातूनच तयार होतात. 2021 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं अवाकोपॅन हे औषध न्यूट्रोफिलला चेतवणारा सी5ए हा रासायनिक निरोप त्याच्यापर्यंत पोहोचूच देत नाही.

(पुन्हा तीच गुलाबी काच. पॅथॉलॉजिस्टचा हात वहीत आकडे लिहितो.)

डॉक्टर आता चंद्रकोरी मोजताहेत, दोन रकान्यांत. एका रकान्यात ताज्या, पेशींनी भरलेल्या. त्या औषधाने विरघळू शकतात. दुसऱ्यात तंतूंच्या, घट्ट झालेल्या. त्या व्रणासारख्या तशाच राहतात. पहिल्या रकान्यातला आकडा अजून मोठा आहे. वॉर्डात सलाइनमधून स्टेरॉइड सुरूही झालंय.