पेन्सिलीच्या रेघेतला षड्ज

श्रोतेहो, नमस्कार.

खेळण्यांच्या दुकानात मिळणारा मुलांचा कीबोर्ड तुम्ही पाहिला असेल. त्यावर हमखास 'डेमो'चं बटण असतं. ते दाबलं की यंत्र अख्खं गाणं स्वतःच वाजवतं आणि मूल नुसतं बघत बसतं. आठवडाभरात कीबोर्ड माळ्यावर! मुलांसाठी इलेक्ट्रॉनिक वाद्य करायला बसणाऱ्याने आधी हे बटण काढून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हात हलला तर सूर हलावा, हात थांबला की थांबावा.

जपानच्या मैवा देन्की या कलाकारांच्या गटाने २००९ साली 'ओटामाटोन' बाजारात आणलं. गोल डोकं आणि त्यावर उभी लांब दांडी. दांडीवर बोट सरकवलं की सूर चढतो-उतरतो, आणि दुसऱ्या हाताने गाल दाबले की डोक्याचं तोंड उघडून आवाज 'वाँव' करत मोकळा होतो. दांडीवर पडदे नाहीत, खुणा नाहीत. सूर शोधायचा तो कानानेच. आणि चुकला तर सगळे हसतात, वाजवणारासुद्धा. बेसूर व्हायची अशी खुली मुभा आपल्या गाण्याच्या क्लासात सहसा मिळत नाही.

असं काही घरीही जमतं. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये आखलेली '५५५' ही आयसी, म्हणजे ठरावीक वेळाने विजेचे ठोके देणारी छोटी चिप, पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही अगदी स्वस्तात मिळते. रेडिओवर आकृती काढता येत नाही, म्हणून मर्म तेवढं सांगतो. वीज साठवणारा एक छोटा भाग, म्हणजे कपॅसिटर, भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. हे सेकंदाला जितक्या वेळा होईल, तितका सूर वरचा. भरण्या-रिकामं होण्याच्या वाटेत जितका अडथळा, तितका सूर खालचा.

हा अडथळा म्हणून आपण पेन्सिलीची रेघ वापरायची. ६बी या मऊ, गडद पेन्सिलीने कागदावर जाड, काळीभोर रेघ ओढा. ग्राफाइटमधून वीज वाहते, पण अडखळत. एक तार रेघेच्या टोकाला चिकटवा, दुसरी रेघेवरून फिरवा. कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा आणि रेघेचा अडथळा तीन लाख ओहम असेल, तर साधारण २४० हर्ट्झचा सूर लागतो. त्याला षड्ज, म्हणजे सा, माना. तार रेघेच्या मध्यावर आणली की अडथळा निम्मा, सूर दुप्पट, म्हणजे थेट वरच्या सप्तकातला षड्ज! तंबोऱ्याची तार मधोमध दाबली तरी हेच होतं. अर्थात रेघ सगळीकडे सारखी काळी हवी.

ती तशी नसतेच, आणि खरी गंमत तिथेच आहे. रेघ पुन्हा गिरवली की अडथळा घटतो, सूर चढतो. खोडरबर हलकेच फिरवला की उतरतो. वाद्य लावायला खुंट्या नकोत, कंपासपेटी पुरते.

रेघेऐवजी सुटी बटणं लावायची असतील तर स्वर कोणते द्यायचे? मुलांना संगीत शिकवण्याची पद्धत घडवणारे जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या पद्धतीत झायलोफोनच्या नको असलेल्या पट्ट्या सरळ काढून ठेवतात. आपल्याकडे भूप राग आहेच: सा रे ग प ध. कुठूनही कुठेही जा, फारसं खटकत नाही. बालवाडीला हे उत्तम. पण बटणांवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही, म्हणून थोड्या मोठ्या मुलांच्या हाती मी रेघच देईन.

बॅटरी नऊ व्होल्टची पुरे. भिंतीतल्या प्लगचा इथे काही संबंध नाही. विकतच्या वाद्यात बटणासारखे चपटे सेल असतील तर झाकणाला स्क्रू आहे ना, ते आधी पाहा. गिळलेला सेल अन्ननलिका जाळू शकतो. आवाज फार होत असेल तर स्पीकरच्या वाटेत शंभर ओहमचा रेझिस्टर, म्हणजे अडथळा देणारा छोटा भाग, घाला. फक्त तो घालताना मुलं आसपास नसलेली बरी, नाहीतर काढायचा कसा हे त्यांना लगेच कळेल.

नमस्कार.