अंशांचा हिशेब

मंडळी, गीझर किती लिटरचा घ्यावा, एसी किती टनाचा, हीटर तेलाचा बरा की पंख्याचा, हे प्रश्न मला सभागृहात शिरतानाच दोघा-तिघांनी विचारले. प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण हिशेब एकच आहे आणि तो अंशांचा आहे. भोवतालचं तापमान आणि आपल्याला हवं असलेलं तापमान यांत जेवढा फरक, तेवढं बिल. यंत्र कुठलंही आणा, पैसे या फरकाचे मोजायचे असतात.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण तिथे आकडेमोड सरळ आहे. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल लागतात. विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. आता नळाला २० अंशांचं पाणी येतंय आणि अंघोळीला ४० अंशांचं हवंय असं धरा. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला जेमतेम २ लिटर पाणी एवढं तापवू शकतो. थंडीत नळाचं पाणी १० अंशांवर उतरलं की तोच गीझर दीड लिटरच्याही खाली येतो. शॉवरला मिनिटाला ८-१० लिटर लागतात! त्याच्या पोटातलं दोन-तीन लिटर गरम पाणी संपलं की धार बारीक करावी लागते, आणि मग घरातले म्हणतात की गीझर बिघडला. तो बिघडलेला नसतो. त्याच्याकडून होण्यासारखं तेवढंच असतं.

साठवणीच्या गीझरचं उलट आहे. २५ लिटरची टाकी २ किलोवॅटच्या कॉइलनं २० वरून ६० अंशांवर न्यायला पस्तीस मिनिटं लागतात, पण त्यात तेवढंच २० अंशांचं गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं ५० लिटर पाणी हाती येतं. मग टाकी ६० वर ठेवायची की ५० वर? इथे जरा थांबतो, कारण यावर अर्धवट सल्ले फार मिळतात. ५० वर ठेवलं तर उष्णता कमी निसटते आणि जड पाण्यातला क्षार कॉइलवर कमी बसतो. पण लिजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात पोसले जातात आणि ६० अंशांना मरतात. म्हणून मोठी टाकी असेल, पाणी दिवसेंदिवस पडून राहत असेल, तर ६०च ठेवा. मात्र ६० अंशांच्या पाण्यानं काही सेकंदांत कातडी भाजते. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर टाकीनंतर गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. आणि टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. टाकीचा पत्रा गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. वर्षा-दोन वर्षांनी उघडून तो बघावा, हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

सौर हीटरला ऊन फुकट मिळतं, तरी फरकाचा नियम त्यालाही सुटत नाही. पाणी जितकं तापत जातं तितकी उष्णता बाहेर निसटते. निर्वात नळ्यांच्या हीटरमध्ये ही गळती कमी, म्हणून गार हवेत तो सपाट पॅनेलपेक्षा सरस ठरतो.

खोली तापवायच्या हीटरबद्दल मी दोनच वाक्यं बोलणार आहे. तेलाचा, पंख्याचा, हॅलोजनचा, कुठलाही घ्या, एका युनिटातून एका युनिटाचीच उष्णता निघते. पंखा लवकर ऊब देतो, तेल बंद केल्यावरही थोडा वेळ देतं, हॅलोजन समोर बसलेल्यालाच देतो. वीजबचतीचा दावा कुणी केला तर हसून पुढे जावं.

हीट पंपाचं तसं नाही. तो उष्णता निर्माण करत बसत नाही, बाहेरच्या गार हवेतून ती उपसून आत आणतो. विहीर जितकी खोल, तितके पाणी शेंदायला कष्ट जास्त. इथे विहिरीचा खोलपणा म्हणजे पुन्हा अंशांचा फरक. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्यानं १८२४ साली याची कमाल मर्यादा दाखवून दिली. बाहेर शून्य अंश असताना ५५ अंशांचं पाणी करायचं तर एका युनिटात सैद्धांतिक कमाल सुमारे ६ युनिटं उष्णता मिळते, ३५ अंशांचं पुरत असेल तर जवळपास ९. प्रत्यक्षातलं यंत्र निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून खाली असतं, पण प्रमाण तेच राहतं. म्हणून घर तापवायला हीट पंप घेणाऱ्यानं आधी रेडिएटर, म्हणजे गरम पाणी फिरवून खोलीला ऊब देणारी पॅनेलं, मोठे करावेत किंवा फरशीखाली नळ्या घालाव्यात, म्हणजे कोमट पाण्यावर भागतं. छोट्या रेडिएटरला हीट पंप जोडून बिल वाढलं की दोष पंपाच्या माथी येतो.

एसी म्हणजे उलटा लावलेला हीट पंप. त्याचा ‘टन’ बर्फाचा आहे: २,००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तो वेग, म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट. एक टन वाढवून घेतलेला बरा, असं लोकांना वाटतं. मला ते पटत नाही. मोठा एसी खोली चटकन गार करतो आणि थांबतो. हवेतलं पाणी पिळून काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि खोली गार पण दमट राहते. विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्यानं १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली ती मुळात दमटपणा आवरण्यासाठी, हे विसरू नये. इन्व्हर्टर एसी वेग कमी करू शकतो, त्यालाही खालची मर्यादा असते. रिमोटवर १६ दाबल्यानं साधा एसी लवकर गार करत नाही, फक्त उशिरा थांबतो. त्यापेक्षा सेटिंग दोन अंश वर ठेवून पंखा लावा. आणि पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही, तेव्हा बाहेर जाताना बंद करा.

कूलर कोरड्या हवेत उत्तम. दमट हवेत मात्र पाणी फारसं उडत नाही. खिडकी उघडी ठेवल्याशिवाय तो चालवू नये.

या सगळ्याच्या आधी खिडकीवर बाहेरून सावली आणि छताला उष्णतारोधक थर. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर उष्णता घरात आलेली असते. बाहेरून सावली केली की छोटा एसी पुरतो.

शेवटी श्रोत्यांतून प्रश्न आला: गीझर दिवसभर चालू ठेवला तर दरवेळी नव्यानं तापवण्याची वीज वाचते ना? नाही वाचत. गार होत गेलेली टाकी दर तासाला आधीपेक्षा कमी उष्णता गमावते, कारण फरक घटत जातो. गरम ठेवलेली मात्र पूर्ण वेगानं गमावत राहते. अर्धा तास आधी लावा, काम झालं की बंद करा.

दुसरा प्रश्न गॅस गीझरचा होता. तिथे मी वीज-गॅसची तुलना बाजूला ठेवली. बंद न्हाणीघरात हा गीझर जळतो तेव्हा ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो; त्याला वास नाही, रंग नाही. त्यामुळे गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. धुराचा पाइप बाहेर नेता येत नसेल तर तो घेऊच नका.