पाटी कोण वाचतंय?

नमस्कार श्रोतेहो.

सीमाभागातल्या नव्या लेखकांच्या कथा मी आवडीने वाचतो. प्रसंग अस्सल असतात, पण ते सांगतंय कोण, हे ठरवायचं बरेचदा राहून जातं. आज त्याबद्दलच बोलतो.

समजा, खानापूरचा बसस्टँड आहे, तिन्हीसांजेची वेळ. जांबोटीला निघालेली आजी आणि दहा वर्षांचा नातू. बसची पाटी कानडीत. आजी रोज हरिपाठ वाचते, पण कानडी अक्षर तिला लागत नाही. शेजारच्या माणसाला ती म्हणते, "चष्मा घरी राहिला बघा, ही गाडी कुठली?" चष्मा तर तिच्याच पिशवीत, पोथीशेजारी.

आजी 'मी' म्हणून बोलू लागली, तर पाटीवर नुसती गोल वळणं दिसतील. तिथे 'पाटीवर जांबोटी लिहिलं होतं' असं लिहिलं की घात झाला. डोळे आजीचे आणि अक्षरओळख लेखकाची! तृतीयपुरुषी निवेदनात ही चूक जास्त होते. 'ती' म्हणता म्हणता, आपण तिच्या मनात बसून लिहितोय हेच विसरतो.

सर्वज्ञ निवेदकाला पाटी वाचता येते, पिशवीतही डोकावता येतं. पण चष्मा त्याने आधीच दाखवला तर उत्सुकता गेली, आणि मागाहून दाखवला तर वाचकाला वाटणार, याने मुद्दाम लपवलं.

मी ही गोष्ट नातवाच्या हाती देईन. तो कानडी शाळेत जातो, पाटी घडाघडा वाचतो. आजीने मला सोडून परक्याला का विचारलं, हे त्याला कळत नाही. बसमध्ये चुरमुरे काढायला तो पिशवीत हात घालतो आणि चष्मा हाताला लागतो. आजीची लाज त्याला शब्दांत सांगता येणार नाही. वाचकाला मात्र ती तिथेच भिडते.

अर्थात 'मी' आला की त्याची बोली आली, त्याचं वय आलं. हरिभाऊ आपट्यांनी 1890 च्या दशकात 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी यमूच्या तोंडून सांगितली. बाईचा 'मी' पुरुषाने एवढ्या दीर्घ कादंबरीभर सांभाळला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हा प्रसंग घरी दोनदा लिहून पाहा, एकदा नातवाचा 'मी' घेऊन, एकदा आजीचा. आजीच्या लेखनात चष्मा कुठे येतो ते बघा. मला वाटतं, ती त्याचं नावही काढणार नाही.