जीएसटी गेला, हप्ता राहिला

(नागपुरात ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. येताना मेडिक्लेमच्या रिन्यूअलची नोटीस सोबत आणा, असा निरोप मी पाठवला होता. बऱ्याच जणांच्या हातात कागद दिसतोय. माझाही आणलाय, आधी तोच वाचतो. २०२४ चा हप्ता ५२,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ९,३६०, एकूण ६१,३६०. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरातली नोटीस : हप्ता ६०,५००, जीएसटी शून्य. म्हणजे विम्यावरचा जीएसटी माफ करण्याचा एवढा गाजलेला निर्णय झाला आणि माझ्या खिशात ८६० रुपये उरले. दोघा नवरा-बायकोंच्या पॉलिसीत.

कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं की मी आता छप्पन्न वर्षांचा झालो, वयाचा गट बदलला, शिवाय उपचार महागलेत. यातलं काहीच खोटं नाही. माझं सगळं आयुष्य क्लेमच्या फायली तपासण्यात गेलं, त्यामुळे काउंटरपलीकडून हीच वाक्यं मीही ऐकवलेली आहेत.

हा कर हटवा, ही मागणी सुरू झाली ती आपल्याच गावातून. आयुर्विमा महामंडळाच्या नागपूर विभागातल्या कर्मचारी संघटनेने नितीन गडकरींना निवेदन दिलं. २८ जुलै २०२४ रोजी गडकरींनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहिलं. आयुर्विम्याच्या हप्त्यावर कर म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवरच कर, तेव्हा आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढा, असा त्याचा आशय होता. एका केंद्रीय मंत्र्याने दुसऱ्या मंत्र्याला असं लिहिलं म्हटल्यावर विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. आठवड्याभरात ममता बॅनर्जींचंही त्याच मागणीचं पत्र गेलं. ६ ऑगस्टला विरोधी खासदार फलक घेऊन संसदेच्या आवारात उभे राहिले. गडकरी आणि ममतादीदी एका बाजूला, असं चित्र रोज दिसत नाही.

सीतारामन यांनी लोकसभेत उत्तर दिलं. त्यातला एक मुद्दा त्या वेळी फारसा कोणी मनावर घेतला नाही. जीएसटीच्या आधीही विम्यावर सेवा कर होता, म्हणजे हा कर नवा नाही. आणि जमा होणाऱ्या पैशातला जवळपास तीन-चतुर्थांश वाटा राज्यांकडे जातो, तेव्हा फलक धरणाऱ्यांनी आपापल्या राज्याच्या अर्थमंत्र्यांना विचारलं आहे का? टोला खरा होता. २०२३-२४ मध्ये एकट्या आरोग्य विम्यावरच्या जीएसटीतून ८,२०० कोटींहून अधिक रुपये आले होते. एवढं दुभतं जनावर सहजासहजी कोण सोडणार? सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिगट नेमला, डिसेंबरात जैसलमेरच्या बैठकीत विषय पुढे ढकलला. अखेर ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने वैयक्तिक पॉलिसींवरचा कर माफ केला. अंमल २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी. आपल्याकडे करमाफीलाही मुहूर्त लागतो.

आता थोडा हिशेब. कंटाळा करू नका, पैसे तुमचेच आहेत. कर होता तेव्हा कंपनी एजंटच्या कमिशनवर, ऑफिसच्या भाड्यावर, जाहिरातींवर जो जीएसटी भरायची, तो तुमच्याकडून घेतलेल्या करातून वळता करून घ्यायची. तुमच्या पॉलिसीवरचा करच गेल्यावर ती वजावटही गेली. तो खर्च कंपनीच्या बोकांडी बसला. मग तो कुठून काढायचा? काही कंपन्यांनी एजंटांच्या कमिशनला कात्री लावली. उरलेला हप्त्यात मुरवायला कोणाची बंदी आहे? हप्ता ठरवते कंपनीच. आणि ज्यांचा विमा नोकरीतून आहे, म्हणजे ग्रुप पॉलिसी, त्यांच्यावरचा १८ टक्के कर तसाच राहिला.

साठी ओलांडलेल्यांना थोडा आधार आहे. विमा नियामकाने ३० जानेवारी २०२५ रोजी सांगितलं की ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी आमच्याशी बोलावं. पण दरवर्षी दहा-दहा टक्के वाढत गेला, तर सात-आठ वर्षांत हप्ता दुप्पट होतो. पेन्शन होते का दुप्पट? सत्तरी पार केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळतं. ते जरूर काढा. राज्याची महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आता सगळ्यांसाठी आहे. मात्र ऑपरेशन त्या यादीत आहे का आणि रुग्णालय त्या योजनेत आहे का, हे ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

पण मला ज्यासाठी बोलायचं होतं ते वेगळंच आहे. या सव्वा वर्षाच्या भांडणात दोन्ही बाजूंनी एक शब्द उच्चारला नाही : रुग्णालयाचा दर. हप्ता वाढतो तो क्लेम वाढतात म्हणून, आणि क्लेम वाढतात ते बिल वाढतं म्हणून. तुम्ही कोणत्या खोलीत आहात यावर सर्जनची फी बदलते. अपेंडिक्स तेच, कात्री तीच, पण सिंगल रूममधल्या पेशंटचं अपेंडिक्स महाग! वर तुमच्या पॉलिसीत खोलीची मर्यादा ५,००० असेल आणि तुम्ही ८,००० ची घेतलीत, तर बऱ्याच पॉलिसींत फक्त खोलीचा फरक कापत नाहीत. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, सगळं पाच-अष्टमांशावर आणतात. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त रडारड याच कारणाने व्हायची.

दर बांधता येत नाहीत असं कोणी म्हणालं, तर त्याला कोरोनाच्या २०२० सालाची आठवण करून द्या. २१ मे २०२० च्या आदेशाने याच महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साधा वॉर्ड दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पळवाटा निघाल्या, पीपीई किटच्या नावाखाली लूटही झाली, पण तक्रार करायला हातात एक आकडा तरी होता. डॉक्टर मंडळी म्हणतात, त्या दरात रुग्णालय चालत नाही. असेल. मग चालेल असा दर खुल्या चर्चेत ठरवा. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही, आपलं काम १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यावर चालतं. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, त्यानुसार रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे.

परवा एका मित्राच्या मोतीबिंदूसाठी गेलो होतो, म्हटलं बघू. दरपत्रक होतं. औषधांच्या दुकानाशेजारी, खोक्यांच्या थप्पीमागे, फ्रेम करून. बऱ्याचशा ओळींपुढे आकड्याऐवजी लिहिलं होतं, ‘बिलिंग काउंटरवर चौकशी करावी’. काउंटरवर गेलो, विचारलं, मोतीबिंदूचे किती होतील?

मुलगी अगदी अदबीने म्हणाली, “काका, मेडिक्लेम आहे का?”