‘कास्ट’ला मराठीत एकच शब्द शोधू नका

नमस्कार मंडळी.

मेळावा कोल्हापूरकरांचा आहे, म्हणून शब्दही कोल्हापूरला रोज लागणाराच घेतलाय: कास्ट. शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात, तो ऐकू येतो, सिनेमाच्या पाटीवर दिसतो, हाड मोडलं की दवाखान्यात भेटतो आणि कचेरीत जातीच्या दाखल्याच्या अर्जावरही असतो. देवनागरीत लिहिला की चारही ठिकाणी सारखाच. इकडे परदेशात वाढलेल्या पोरांचा गोंधळ होतो तो इथंच.

दाखल्यावरचा कास्ट आधी बाजूला काढू. तो पोर्तुगीज ‘कास्ता’वरून आला, अर्थ वंश, कूळ. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याच्या शेपटीला ई असतो, उच्चार मात्र तोच. बाकीचे सगळे जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘कास्ता’ या क्रियापदाची लेकरं, अर्थ फेकणे. दोन्ही मुळं कानाला जुळी वाटतात, पण नातं काही नाही.

‘फेकणे’ एवढं धरून ठेवलं की निम्मे अर्थ आपोआप उलगडतात. गळ टाकणे, जाळं टाकणे, फासे टाकणे, नजर टाकणे: इथं मराठीही तेच म्हणते. साप कात टाकतो, तिथंही इंग्रजीत हेच क्रियापद चालतं. पुढं मात्र वाटा फुटतात. इंग्रजीत झाड सावली ‘टाकतं’, आपल्याकडे सावली पडते. मत आपण देतो, संशय घेतो, करणी करतो. भाषांतरात ‘झाडाने सावली टाकली’ दिसलं की समजायचं, लिहिणाऱ्यानं डिक्शनरी उघडली होती, खिडकी नव्हे. ब्रॉडकास्टचा जुना अर्थ तर थेट शेतातला: मुठीनं बी फोकून पेरणं. रेडिओ आल्यावर तोच शब्द हवेत गेला. आपण त्याला ‘प्रक्षेपण’ म्हटलं, त्यातला ‘क्षेप’ म्हणजेसुद्धा फेकणं. इतका नेमका प्रतिशब्द क्वचित जमतो.

आता फौंड्री, म्हणजे ओतकाम. हे समजायला गुऱ्हाळ डोळ्यांसमोर आणा. काहिलीतला पाक साधारण 118 अंशांना उतरवतात, निववायच्या पसरट वाफ्यात ओतून घोटतात, मग कापड घातलेल्या बादलीत भरतात. ढेप सुटून येते, कारण बादली वर रुंद आणि खाली अरुंद असते. फौंड्रीतल्या पॅटर्नलाही, म्हणजे वाळूत दाबून साचा करायच्या नमुन्यालाही, असाच थोडा उतार ठेवतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. तो विसरला तर पॅटर्न उचलताना वाळूच्या कडा ढासळतात.

ती वाळू म्हणजे ‘ग्रीन सँड’. रंगानं काळी! ग्रीन म्हणजे इथं न भाजलेली, ओलसर. सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि साधारण तीन-चार टक्के पाणी. पाणी वाढलं की ओतताना वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते. कास्टिंग वरून चकचकीत दिसतं आणि लेथवर पहिला कट घेतला की भोक उघडं पडतं. हा ब्लो होल. बीड, म्हणजे कास्ट आयर्न, साधारण 1,150 ते 1,200 अंशांना वितळतं, पण ओतायला 1,350च्या आसपास गरम लागतं. लॅडल, म्हणजे रस न्यायचं भांडं, साच्यापर्यंत पोचेतो रस निवला, तर दोन बाजूंनी आलेले प्रवाह नुसते टेकतात, एकजीव होत नाहीत. तो कोल्ड शट. शिवाय थंड होताना बीड साधारण एक टक्का आकसतं, म्हणून 500 मिलिमीटरचा पार्ट हवा असेल तर पॅटर्न 505चा करावा लागतो. आतला रस आटताना कमी पडेल तो पुरवायला वर रायझर, म्हणजे जादा रसाचा साठा, ठेवतात. तो लहान पडला तर जाड भागात पोकळी राहते.

या सगळ्यात ‘फेकणे’ कुठं गेलं? आपण ‘ओतणे’ म्हणतो आणि तेच बरोबर. मराठी क्रियापद धातू काय करतो ते सांगतं, इंग्रजी क्रियापद हात काय करतो ते.

इकडच्या दुकानात ‘कास्ट आयर्न’ लिहिलेला जड तवा मिळतो, तो आपला बिडाचा तवा. त्यात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त असतो आणि बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. हे पापुद्रे आतल्या आत चिरांसारखं काम करतात. म्हणून आपटला तर बिडाच्या तव्याला पोचा पडत नाही, तो तडकतो. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, ते याचसाठी. साधा लोखंडी तवा वाकेल, पण फुटणार नाही.

सिनेमातला कास्ट म्हणजे नटसंच. ‘प्रभात’ फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात उभी राहिली आणि 1933मध्ये पुण्याला गेली, त्यामुळे हा अर्थ आपल्या गावाला नवा नाही. भूमिका वाटणं म्हणजे कास्टिंग, आणि फौंड्रीत मात्र कास्टिंग म्हणजे ओतून निघालेली वस्तू. गावाकडं मुलगा ‘कास्टिंगमध्ये आहे’ म्हटलं तर आधी विचारावं, कुठल्या.

दवाखान्याचं थोडक्यात. अमेरिकेत मोडलेला हात ‘इन अ कास्ट’ असतो, इंग्लंडमध्ये बहुधा ‘इन प्लास्टर’. पण इंग्लंडातल्या दुकानात प्लास्टर मागितलं तर बोटाला लावायची चिकटपट्टी देतात. हाताला कास्ट घातल्यावर बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढत गेलं तर थांबू नका, लगेच दाखवा.

आणि भूतकाळातही शब्द कास्टच राहतो, कट आणि पुटसारखा. ‘कास्टेड’ लिहू नका.

राहिलं कास्टिंग व्होट, म्हणजे अध्यक्षांचं निर्णायक मत. ते समान मतं पडली तरच वापरायचं असतं, आणि संस्थेच्या घटनेत तशी तरतूद असेल तरच. तरतूद नसेल तर समान मतांवर ठराव फेटाळला जातो. पुढच्या निवडणुकीआधी कार्यकारिणीनं आपल्या मंडळाची घटना एकदा काढून बघावी.