इलेक्ट्रॉनिक काटा आला, मग माप कमी काहून भरते?

नमस्कार राजेहो. कापसाची वेचणी सुरू झाली की कमेंटमध्ये हाच प्रश्न. "भाऊ, गावात काट्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं आलं, तरी गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला काटा मारतोच कसा?"

साधं ते पटकन सांगतो. काटा सपाट जागेवर, काट्यावरच्या लेव्हलचा बुडबुडा मधोमध, रिकामा असताना आकडा शून्य, वैधमापन खात्याचं सील शाबूत. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी लागते. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे चला.

खरी गोम इथे आहे. शून्य पाहून खूश होऊ नका! सेटिंगमध्ये क्विंटलला २ किलो खायचं लावून ठेवलं, तरी रिकामा काटा शून्यच दाखवतो. चोरी वजन चढल्यावर होते. म्हणून तपासायचं ते भरल्या काट्यावर. युरियाची न फोडलेली गोणी आणा, माल ४५ किलो. काट्यावर कापसाचं गाठोडं आहे, आकडा ६०. गाठोडं तसंच राहू द्या, वर गोणी ठेवा. १०५ आणि वर रिकाम्या पिशवीचे काही ग्रॅम, एवढं दिसलं पाहिजे. १०४ च्या आसपास अडकला, तर मोजणी तिथेच थांबवा.

काही काट्यांत रिमोट असतो. पहिल्या गाठोड्याला काटा साधुसंत, पाचव्याला बटण दाबलं की झालं. म्हणून मधेच, न सांगता, पुन्हा गोणी चढवा.

आणि प्लॅटफॉर्म काटा असेल तर तीच गोणी चारही कोपऱ्यांवर फिरवा. एका कोपऱ्यात कमी भरली, तर वाकून खाली पाहा. खडा किंवा दाबून बसलेला कापूस असतो, पत्रा त्यावर टेकतो आणि तेवढं वजन सेलपर्यंत, म्हणजे खालच्या वजन मोजणाऱ्या भागापर्यंत, पोचतच नाही. यात दरवेळी लबाडीच असते असं नाही, पण नुकसान तुमचंच.

एकाने लिहिलं, "गोणी घेऊन फिरायला आम्ही रिकामे आहोत का?" बरं, हिशोब करा. २० क्विंटल कापूस, क्विंटलला २ किलो, म्हणजे ४० किलो. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये. गेले ३,२४४ रुपये. २६६ रुपये ५० पैशांच्या दराने युरियाच्या १२ गोण्या येतात तेवढ्यात. आता बोला.

जिनिंगच्या वेब्रिजवर, म्हणजे अख्खी गाडी तोलायच्या काट्यावर, खेळ वेगळा. तिथे भरलेली आणि रिकामी गाडी, दोन वजनांतला फरक म्हणजे तुमचा कापूस. काटा दोन्ही वेळा सारखाच ४० किलोने चुकला, तर फरक बरोबरच येतो. मधल्या वेळेत शून्य हललं तर मात्र फसलात. गाडी चढायच्या आधी दोन्ही वेळा शून्य पाहा. आणि रिकाम्या ट्रॉलीवर दोन हमाल उभे असतील तर उतरवा, त्यांचं वजन तुमच्या कापसातून वजा होते.

ओलाव्याचं थोडक्यात. सीसीआय, म्हणजे हमीभावाने खरेदी करणारं सरकारी कापूस महामंडळ, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, पुढे प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, १२ च्या वर माल परत. दव पडलेल्या वरच्या थरातच मीटर खुपसू देऊ नका, आतून तीन-चार जागी घ्यायला लावा.

आता "सगळीकडे मशीन लावा, चोरी संपली" म्हणणाऱ्यांसाठी. मशीन लावाच, तराजूच्या काळात मापाऱ्याचा अंगठा कुठे टेकला हे दिसतही नव्हतं. पण ज्याच्याकडून बियाण्याला उचल घेतली, त्यालाच कापूस द्यायचा असेल, तर आकडा समोर चुकीचा दिसूनही माणूस गप्प बसतो. त्याला काटा काय करणार? अशा घरचं माप होताना शेजारच्या दोघांनी गोणी घेऊन उभं राहावं, आक्षेपही त्यांनीच घ्यावा.

आकडा चुकला तर भांडण नंतर, आधी फोटो. एकाच फोटोत आकडा, सील आणि गोणीवरचं छापील वजन आलं पाहिजे. तक्रार जिल्ह्याच्या वैधमापन निरीक्षकाकडे, आणि काटा तिथून हलायच्या आत.